शेवटचे कडवे

कळमनुरी तालुक्यातल्या एका गावी गेल्या महिन्यात पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. गेलेले गृहस्थ या पानाचे जुने वाचक. तरुणपणी सालगडी, पुढे गवंड्याच्या हाताखाली बिगारी, आणि रात्री गायन पार्टीचे म्होरके. पेटी स्वतः वाजवायचे, गाणी स्वतः रचायचे. जयंती असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो, कुणाकडे मंगल परिणय असो की कुणाच्या दारी दुःख असो, आजूबाजूच्या दहा-पंधरा गावांत त्यांच्याशिवाय कार्यक्रम होत नसे. गावाने त्यांना शाहीर म्हटले आणि ते नाव त्यांनी शेवटपर्यंत निगुतीने सांभाळले.

भन्तेजींचे प्रवचन झाले, भोजनदान झाले, पाहुणे पांगले. मग आम्ही त्यांच्या मुलाला सहज विचारले, "शाहिरांच्या वह्या कुठं ठेवल्यात?" मुलगा खाली मान घालून बसला. वह्या सात होत्या. दोन वाळवीने खाल्ल्या. एक कुणी तरुण गायक 'चाल बसवून आणतो' म्हणून घेऊन गेला, तो पुन्हा फिरकला नाही. घर नव्याने बांधायला काढले तेव्हा तीन वह्या जुन्या कागदांबरोबर रद्दीत गेल्या. सातवी वही नातीने आणून दाखवली. मुलगी नववीत शिकते. आजोबांनी उजव्या हाताच्या पानांवर तेवढी गाणी लिहिलेली, डावी पाने कोरी. नवी वही आणायला पैसे नव्हते तेव्हा तिने त्या कोऱ्या पानांवर भूमिती सोडवली होती. एका पानावर बाबासाहेबांचे गाणे, समोरच्या पानावर त्रिकोणाचे प्रमेय. ते पाहून आम्हाला वाईट वाटायला हवे होते. खरे सांगायचे तर बरे वाटले. भूमितीसाठी वही रोज लागत होती, म्हणून ती रद्दीत गेली नाही.

त्या वहीच्या पहिल्या पानावर एक पोस्टकार्ड खळीने चिकटवलेले होते. अक्षर ओळखीचे वाटले. ओळखीचे कसे नसेल? ते आमचेच होते. 'आपले गीत मिळाले. भावना चांगल्या आहेत, पण मात्रा जुळत नाहीत. सुधारून पुन्हा पाठवावे.' खाली आमची सही. बरीच वर्षे झाली त्याला. शाहिरांनी ते गीत सुधारून पाठवले नाही, आम्हीही विचारले नाही. अंक मात्र ते घेत राहिले.

नातीला म्हटले, "हे गाणं म्हणून दाखवशील का?" तिने आजोबांच्या चालीत म्हणून दाखवले. तिसऱ्या ओळीत जिथे आमच्या बोटांवर मात्रा कमी भरल्या होत्या, तिथे तिने मांडीवर थाप मारली. ती जागा ढोलकीची होती. गाणे बरोबर होते, आमचे मोजणे चुकले होते. आम्ही ते कागदावर डोळ्यांनी वाचले होते, आणि त्यांनी ते चार माणसांच्या मधोमध बसून रचले होते.

तेव्हापासून एकच विचार मनात आहे. कवी जन्माला येतो तो येतोच. पण त्याची कविता कुणाच्या आधाराने टिकते?

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला, म्हणजे वयाने अगदी तरुण. कवितेच्या बाबतीत मात्र हा मुलूख फार जुना आहे. कयाधू नदीच्या काठावरचे नरसी हे नामदेवांचे गाव म्हणून ओळखले जाते. नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. औंढा नागनाथशी त्यांची आणि विसोबा खेचरांची कथा जोडलेली आहे. शेजारच्या परभणी जिल्ह्यातले गंगाखेड हे जनाबाईंचे. आम्ही विठोबा केव्हाच मागे ठेवला, हे वाचकांना सांगायला नको. भक्तीचा हिशेब आज काढायचा नाही. पण त्या मंडळींनी एकमेकांची कविता कशी सांभाळली, तेवढे मात्र पाहण्यासारखे आहे.

नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, नरहरी सोनार, जनाबाई दुसऱ्याच्या घरची मोलकरीण. आणि चोखोबांचे तर अख्खे घरच कवींचे. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. यांतल्या कुणाच्या हाती सत्ता नव्हती, चोखोबांच्या घरच्यांना तर देवळाच्या पायरीच्या आत जागा नव्हती. कर्ममेळ्याने त्याबद्दल जो जाब विचारला आहे, तो आजही अंगावर येतो. तरीही सातशे वर्षांनंतर ही कविता आपल्याला मिळते, याचे कारण ती मंडळी एकमेकांचे ऐकत होती, एकमेकांचे नाव आपल्या रचनेत घेत होती. चोखोबांचे अभंग अनंतभट्टाने लिहून घेतले असे परंपरा सांगते. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम कोसळून इतर मजुरांसह गाडले गेले. बिगारीवर मेलेला कवी! त्यांच्या अस्थी शोधायला नामदेव तिथवर गेले, अशी कथा आहे. कथेतला चमत्कार सोडून देऊ. एक कवी दुसऱ्या कवीसाठी ढिगारा उपसायला गेला, एवढे घेऊ. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला, तो काही त्यांना देवभोळेपणा आवडत होता म्हणून नव्हे.

याहीपेक्षा जुना दाखला आपल्या घरातच आहे. त्रिपिटकातली 'थेरीगाथा' म्हणजे त्र्याहत्तर भिक्खुणींच्या रचना. त्यांत राजघराण्यातल्या आहेत तशी पुण्णिकाही आहे, जी कडाक्याच्या थंडीत मालकाच्या घरी पाणी भरणारी दासी होती. मुत्ता थेरी आहे, जी उखळ-मुसळापासून सुटल्याचा आनंद सांगते. 'थेरगाथे'त रस्ते झाडणारा सुनीत आहे. या गाथा कित्येक पिढ्या लिहिलेल्याच नव्हत्या. गाथा तोंडपाठ करून पुढच्यांना देणारे भिक्खू होते, त्यांना भाणक म्हणत. पाठांतर हेच त्यांचे काम. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिंहलद्वीपात त्रिपिटक ताडपत्रांवर उतरले, तेव्हा पाणी भरणाऱ्या बाईचे शब्दही त्यात गेले. कुणी असे म्हटले नाही की हे दासीचे आहे, राहू द्या.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी पालीलाही दिला. आपल्या दोन्ही भाषांचा मान एकाच दिवशी झाला, आम्हीही त्या दिवशी पेढा खाल्ला. पण भाषेला दर्जा मिळाला म्हणून कळमनुरीच्या पेटीतली वाळवी थांबत नाही.

आता आपल्या जलशांकडे येऊ. सत्यशोधकांचे जलसे आधीपासून होते. १९३०च्या सुमारास नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचाच सांगाडा, पण आत माल नवा. गवळणीच्या जागी सवाल, बतावणीत सावकार आणि पाटील, फार्सातून अंधश्रद्धेची खिल्ली. ज्या सभेला पोलिसांची आणि गावकीची धास्ती असायची, तिथे ढोलकी वाजली की माणसे जमत. आपल्या दहा भाषणांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशा अर्थाचे बाबासाहेब बोलल्याचे जुनी मंडळी सांगत आली आहेत. जलशातली बहुतेक माणसे दिवसभर राबणारी होती. गाणे लिहिणारा एक, चाल लावणारा दुसरा, साथ धरणारे चार, आणि एखादी ओळ जड पडली तर तिथल्या तिथे बदलणारे प्रेक्षक. या तालमीतून गाणे उभे राहायचे. एकट्याने खोलीत बसून लिहिण्याचा तो मामलाच नव्हता.

महाकवी वामनदादा कर्डक याच मातीतले. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातले देशवंडी. मुंबईत चाळीत राहत असताना कुणी पत्र वाचून मागितले आणि आपल्याला वाचता येत नाही, याचे त्यांना रडू कोसळले, ही हकीकत बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. विशीत त्यांनी अक्षरे गिरवली. चाळीतल्या एका मास्तरांनी शिकवले, बाकीचे दुकानांच्या पाट्यांनी. १९४३ साली पहिले गीत रचले आणि मग साठ वर्षे हा माणूस पायाला भिंगरी लावून फिरला. मराठवाड्यातले खेडे नि खेडे त्यांना माहीत होते. १९७३ साली 'वाटचाल' हा संग्रह निघाला. १९९३ साली वर्ध्याच्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १५ मे २००४ रोजी ते गेले. ज्या घरी मुक्काम, त्या घरी गाणे व्हायचे. कधी चिठोऱ्यावर, कधी बिलाच्या पाठीवर. त्यांतले जे आज हाती आहे, ते लोकांनी उतरवून ठेवले म्हणून आहे.

इथे एक बारीक गोष्ट सांगायची आहे, आणि आमच्या मते तीच महत्त्वाची आहे. वामनदादांच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात त्यांचे नाव येते. चोखोबांच्या अभंगाच्या शेवटी चोखोबांचे, जनाईच्या अभंगाच्या शेवटी जनाईचे. याला नाममुद्रा म्हणतात. गरीब कवीकडे छापखाना नाही, वकील नाही, करारपत्र नाही. मग त्याने आपले नाव गाण्यातच विणून टाकले. गाणे जिथे जाईल तिथे नाव जाईल. आमच्या शाहिरांनीही तेच केले होते. सातव्या वहीतल्या प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात त्यांचे नाव आहे.

आणि आज काय होते? जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर गाणे लागते. ध्रुवपद वाजते, पहिले कडवे वाजते, पोरे नाचायला लागली की गाणे तोडून दुसरे लावतात. मोबाईलवर तर अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरतो. शेवटचे कडवे कुणी ऐकतच नाही. म्हणजे तोडले काय जाते? नेमके कवीचे नाव. पोरांना नाचू नका असे आम्ही म्हणत नाही. नाचण्याच्या वयात आम्हीही नाचलो. पण वर्षातून एका रात्री तरी एक गाणे शेवटपर्यंत लावा. कॅसेटच्या जमान्यात निदान वेष्टनावर 'गीत' म्हणून नाव असायचे. मजूर माणूस पगाराच्या दिवशी एक कॅसेट घेऊन घरी यायचा आणि पोरे ते वेष्टन पाठ करायची. आता वेष्टनही गेले.

नव्या कवीला हाक मारणारे कुणी असावे लागते. मराठवाड्यात ती हाक मिलिंद महाविद्यालयातून आली. बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत हे महाविद्यालय उभे केले आणि परभणी-नांदेडकडची, आपल्या हिंगोलीकडची पोरे पत्र्याची पेटी घेऊन तिथे पोचली. पुढे प्राचार्य म. ना. वानखडे अमेरिकेहून शिकून आले, तिकडच्या निग्रो साहित्याची ओळख घेऊन आले (त्या काळी हाच शब्द चालत होता). डॉ. गंगाधर पानतावणे यांनी १९६७-६८च्या सुमारास 'अस्मिता' आणि मग 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक चालू केले. त्याआधी २ मार्च १९५८ रोजी दादरला पहिले दलित साहित्य संमेलन झाले होते, उद्घाटक अण्णा भाऊ साठे. पण संमेलन दोन दिवसांचे, नियतकालिक बारा महिन्यांचे. पानतावणे सरांनी पन्नास वर्षे हे काम केले. नवख्या पोराची कविता आली तर ते पत्र लिहीत, मेळाव्याला बोलावत, मंचावर उभे करत. अस्मितादर्शचे मेळावे गावोगावी भरत. २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी २७ मार्चला ते गेले. पत्र तेही लिहीत आणि पत्र आम्हीही लिहिले. आमच्या पत्राने एक कवी गप्प बसला.

नामांतराच्या सोळा वर्षांत, १९७८ ते १९९४, मराठवाड्यात किती गाणी झाली याची मोजदाद नाही. जाळलेल्या वस्त्यांमध्ये, तुरुंगात, लाँग मार्चच्या वाटेवर ती रचली गेली. ज्यांनी ती म्हटली ती माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे जायला हवे, आणि लवकर जायला हवे.

आता थोडे लांबच्या मुलखात जाऊ. आमचा एक वाचक बरीच वर्षे मालवाहू जहाजावर खलाशी होता. त्याच्या बरोबर फिलिपाइन्स देशाची पोरे असत. तो सांगतो, जेवणे झाली की ती पोरे आपापल्या भाषेत गाणी म्हणत, आणि दोन बेटांवरच्या दोघांना एकमेकांची भाषा कळत नसे. ते ऐकून आम्ही थोडे वाचन केले. त्या देशात शंभराहून अधिक भाषा आहेत. आधी स्पेनचे राज्य, मग अमेरिकेचे. शाळा-कचेऱ्यांत इंग्रजीचा दिमाख, राजधानीत तागालोगचा. मग खेड्यापाड्यातल्या भाषांनी करायचे काय?

उत्तरेकडच्या इलोकानो भाषेची कथा आपल्याला कळण्यासारखी आहे. हे शेतमजुरांचे लोक. १९०६ साली त्यांच्यातले पहिले पंधरा मजूर हवाई बेटांवरच्या उसाच्या मळ्यात गेले, मागून हजारो गेले. आपल्या सेनगाव-कळमनुरीकडची कुटुंबे ऊसतोडीला जातात, तशीच ही उसाची वाट. फक्त मध्ये समुद्र. १९३४ साली या भाषेत 'बान्नावाग' नावाचे साप्ताहिक निघाले. बान्नावाग म्हणजे पहाट. त्यात बातम्या थोड्या, कथा, क्रमशः कादंबऱ्या आणि कविता भरपूर. शाळामास्तर, शेतकरी, शिवणकाम करणाऱ्या बाया ते वाचत आणि त्यांच्यातलेच काही त्यात लिहू लागत. १९६८ साली या लेखकांनी आपला संघ काढला, गुमिल नावाचा, आणि पुढे हवाईतही त्याची शाखा झाली. ऊस तोडायला गेलेल्या माणसांच्या लेकी-नातवंडांना तिथे आपल्या बोलीत लिहायला जागा मिळाली.

आणखी एक गंमत. ६ एप्रिल १९२४ रोजी मनिला शहरात दोन कवींचा काव्यात सवाल-जवाब झाला, होसे कोराझोन दे हेसुस आणि फ्लोरेंतिनो कोलांतेस या दोघांत. मध्ये एक पंच. लोकांनी ते उचलून धरले. बालागतास या जुन्या कवीच्या नावावरून त्याला बालागतासन म्हणू लागले. आपल्या कव्वालीच्या मुकाबल्यासारखेच म्हणा ना! पण पुढचे पाहा. इलोकानो लोकांनी तागालोगची नक्कल केली नाही. त्यांनी आपल्या भाषेतल्या सवाल-जवाबाला आपल्याच कवीचे नाव दिले, बुकानेगन. पेद्रो बुकानेग हा सतराव्या शतकातला आंधळा कवी. नदीतून टोपलीत वाहत आलेले हे मूल एका म्हातारीला सापडले, अशी त्याची कथा सांगतात. पांपांगा प्रांताने आपल्या कवीच्या नावावरून क्रिसोतान असे नाव ठेवले. खेळ एकच, पण प्रत्येक भाषेने आपल्या माणसाचे नाव पुढे केले. नाममुद्राच ती, फक्त गाण्याच्या शेवटी न घालता खेळाच्याच माथ्यावर घातली.

आपल्याकडेही माती नापीक नाही. 'आई' या कवितेने घरोघरी पोचलेले आणि २०१४च्या सासवड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फ. मुं. शिंदे कळमनुरी तालुक्यातल्या रुपूरचे. 'पीकपाणी'वाले इंद्रजित भालेराव वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे. हे मोठे झाले, त्यांना सभागृहे मिळाली, आनंदच आहे. आमची काळजी वेगळ्या माणसांची आहे. ज्यांना संमेलनाचे निमंत्रण कधीच येणार नाही, ज्यांची कविता छापण्यासाठी नव्हतीच, ती म्हणण्यासाठी होती, त्यांची.

त्यांत सर्वांत आधी आपल्या आया आणि आज्या येतात. जात्यावरच्या ओवीला तर नाममुद्राही नाही. ओवी कुणाची? जिने दळले तिची. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन महाराष्ट्रभरच्या बायकांच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. १९९६ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. रामायणातल्या सीतेचे दुःख ज्या चालीत म्हटले जायचे, त्याच चालीत बायांनी बाबासाहेब, रमाई आणि बुद्ध आणून बसवले. कुणी शिकवले त्यांना? शाळेत गेलेल्या नव्हत्या. पोवाडे, जलसे, सभा, नवऱ्याने वाचून दाखवलेला 'जनता'चा अंक, सगळे कानावर पडत होते आणि पहाटे दळताना ते पिठाबरोबर बाहेर येत होते. आता जाते कोपऱ्यात पडले, गिरणी आली, बाईचे हात मोकळे झाले. त्याचे दुःख आम्ही करणार नाही. जाते ओढून ज्यांच्या दंडात कळ यायची त्यांना विचारा. पण जाते गेले म्हणून ओवी जायलाच हवी असे कुठे आहे?

कुणी पुण्या-मुंबईहून येईल आणि आपल्या आजीचे म्हणणे उतरवून घेईल, म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो. विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, उपासिका जमतात. वाचन संपल्यावर लगेच न उठता अर्धा तास बसावे. एक जाड पुठ्ठ्याची वही विहारात ठेवावी. एका आजीने एक ओवी म्हणावी, शाळेतल्या मुलीने ती लिहून घ्यावी. कुणी म्हटली, तिचे माहेर कुठले, तिने कुणाकडून ऐकली, कोणत्या चालीत, एवढे खाली लिहावे. माहेर लिहायला विसरू नका, कारण ओवी माहेराहून येते. मोबाईल आहे तर आवाजही घ्यावा, पण आधी विचारून. आणि शब्द सुधारू नये. आजी जसे बोलली तसेच कागदावर आले पाहिजे; तिची बोली पुस्तकी केली की ती ओवी तिची राहत नाही. शिकलेल्या मुलांना हे जड जाते. आम्हालाही गेले, ते वर सांगितलेच आहे.

शाहिरांच्या वह्या ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्या पावसाळ्यापूर्वी उन्हात ठेवाव्यात, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात, आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून दोन वेगवेगळ्या घरी ठेवावा. वही कुणाला द्यायची वेळ आलीच तर मूळ वही देऊ नये. गाणे कुणी रेकॉर्ड करणार असेल तर कवीच्या घरच्यांना कळवावे, शक्य ते मानधन द्यावे. 'समाजाचे गाणे आहे, पैसे कसले मागता' असे म्हणणारेच पुढे त्या गाण्यावर चार पैसे कमावतात, हे आम्ही पाहिलेले आहे.

आता आमच्या बाजूचे सांगतो. येणारे प्रत्येक गीत छापता येणार नाही, जागा तेवढी नाही. पण यापुढे या पानाकडे आलेले गीत आम्ही नुसते वाचून परत पाठवणार नाही. ज्याने पाठवले त्याला फोन करू आणि म्हणून दाखवायला सांगू. मात्रा मोजायच्या असतील तर त्यानंतर मोजू.

शाहिरांचे ते गीत पुढच्या अंकात या जागी येईल, जसे त्यांनी लिहिले तसे, शेवटच्या कडव्यासह. घरच्यांची परवानगी घेतली आहे. उतरवून घेण्यासाठी नातीने वही आमच्या हाती दिली खरी, पण देताना दोनदा बजावले की घटक चाचणीच्या आधी वही परत पाहिजे, तिच्यात समरूप त्रिकोणांची सगळी उदाहरणे आहेत. येत्या रविवारी आम्ही ती घेऊन गावी जात आहोत. बरोबर दोनशे पानांची एक कोरी वही नेणार आहोत. तिच्या कोणत्या पानांवर काय लिहायचे, हे तिचे तिने ठरवावे.